खंबीर नायिका लिहायची कशी: सातबाऱ्यापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत

नवोदितांच्या कथा वाचताना एक नायिका पुन्हा पुन्हा भेटते. ती बुलेट चालवते, कुणाचं ऐकून घेत नाही, शेवटी भर मांडवात सगळ्यांना चार शब्द सुनावते आणि निघून जाते. लेखकाचा हेतू चांगला असतो, पण कथा संपली की ती लक्षात राहत नाही. कारण तिच्या असण्यानसण्याने कथेत काहीच बदललेलं नसतं. महत्त्वाचं सगळं इतरांनी ठरवलेलं असतं आणि तिच्या वाट्याला फक्त भाषण आलेलं असतं.

नायिका खंबीर वाटते ती तिच्या निर्णयांमुळे. निर्णयाला वजन येतं ते तिच्या हातात नेमकं काय आहे आणि काय नाही, हे लेखकाला पक्कं ठाऊक असतं तेव्हा. घर कुणाच्या नावावर आहे, पासबुक कुणाच्या कपाटात असतं, दिवेलागणीनंतर ती एकटी कुठपर्यंत जाऊ शकते, हे माहीत नसताना लिहिलेलं धाडस पोकळ वाजतं.

नुसतं तत्त्व सांगून लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, म्हणून इथे आपण एकच नायिका पायरीपायरीने उभी करू. तिचं नाव सुनंदा. वय अडतीस, गाव सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं, दोन एकर द्राक्षबाग. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगी दहावीत, मुलगा सातवीत, घरात सासू. शेजारच्या घरात धाकटा दीर आणि जाऊ. नणंद कराडला दिलेली.

पायरी १: तिला काय हवंय ते एका वाक्यात लिहा

‘तिला स्वाभिमानाने जगायचंय’ हे वाक्य खोडा. ‘न्याय’, ‘स्वातंत्र्य’, ‘ओळख’ हेही खोडा. हवी असलेली गोष्ट अशी पाहिजे की ती मिळाली की नाही हे अमुक तारखेला वाचकाला डोळ्यांनी दिसावं.

सुनंदाचं वाक्य असं: यंदाचा माल बागेत व्यापाऱ्याला द्यायचा नाही, बेदाणा करायचा आणि तासगावच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, स्वतः उभं राहून विकायचा.

कारणही तितकंच ठोस हवं. गेल्या वर्षी व्यापारी थोडी उचल देऊन माल घेऊन गेला, उरलेल्या रकमेचा चेक वटला नाही आणि नंतर फोन बंद. द्राक्षपट्ट्यात ही गोष्ट कुणालाही समजावून सांगावी लागत नाही.

मग या इच्छेला अडचण जोडा, आणि ती धंद्यातूनच येऊ द्या. द्राक्षं दिली की पैसे लवकर हातात येतात, निदान यायला हवेत. बेदाण्याचं तसं नाही. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. घड डिपिंगच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, दोनेक आठवडे वाळवायचे, मग मणी सोडवायचे, प्रतवारी करायची, माल कोल्ड स्टोअरेजला लावायचा आणि नंतर सौदा. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज मात्र मार्चअखेर भरायचंय. म्हणजे तिला हवी असलेली गोष्ट आणि तिच्यावरची मुदत एकमेकींच्या आड येतात. कथानक इथूनच सुरू होतं, त्यासाठी खलनायक आणावा लागत नाही.

याखाली दुसरी एक इच्छा ठेवा, जी ती कुणाला बोलून दाखवत नाही. बेदाणा करू या, असं सुनंदा नवऱ्याला सांगायची आणि तो ते हसण्यावारी न्यायचा. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. तरीही आता तो चुकला होता हे तिला सिद्ध करायचंय, आणि ते पाहायला तो नाही. अशी न शोभणारी, थोडी दुखरी इच्छा असली की नायिका आदर्श पुतळा व्हायची टळते.

पायरी २: कागद, पैसा आणि वेळ

या पायरीला सर्वांत जास्त दिवस द्या. बहुतेक जण ती टाळतात.

आधी सातबारा. नवरा गेल्यावर वारस नोंदीचा फेरफार झाला का? जमीन त्याने स्वतः विकत घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई असे चौघे सारख्या हिश्श्याचे वारस. वडिलोपार्जित असेल तर हिश्श्यांचा हिशेब वेगळा. मुलं लहान असल्याने त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ लागेल, म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई. या एका उताऱ्याने लेखकाला किती दिलं बघा. सासू आता खाष्ट की मायाळू एवढाच प्रश्न उरत नाही. ती हिश्श्याची मालकीण आहे, तिचा अंगठा लागणार आहे. आणि दहावीतली मुलगी धाकट्या भावाइतकीच वारस आहे, हे तिला स्वतःला माहीत आहे का?

नणंदेचा कागदही बघा. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, केंद्राच्या २००५च्या दुरुस्तीने तो सगळ्या मुलींना मिळाला, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी घरोघरी बहिणी हक्कसोड पत्रावर सही करतात. माहेर तुटू नये, दिवाळीला दार उघडं राहावं म्हणून करतात. अशा सहीला ‘बिचारी’ म्हणून सोडून देऊ नका. ती बाई हिशेब करते आहे आणि हिशेबात माहेर जड भरतं. तुमची कथा १९८५ सालात घडत असेल तर नायिकेच्या तोंडी ‘माझाही हक्क आहे’ हे वाक्य वेगळं वजन घेऊन येईल, २०२३ सालात वेगळं. साल ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पैसा. तिच्या नावावर खातं आहे का, एटीएम कार्ड कोण वापरतं, बचत गटात किती शिल्लक आहे, अंगावर सोनं किती आणि त्यातलं माहेरचं कुठलं. सुनंदाकडे दोन पाटल्या आहेत, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या.

वेळ. तिचा एक अख्खा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाने लिहून काढा. पाणी किती वाजता येतं, शेतीपंपाची वीज दिवसा आहे की रात्री, फवारणीचं ब्लोअर कोण चालवतं, बागेत कामाला येणाऱ्या बायकांचा चहा कुणी करायचा. तुमच्या मनात आलेला तो मोठा प्रसंग तिच्या दिवसात नेमका कुठे बसतो ते या कागदावर कळतं. पुष्कळदा असं दिसतं की तिला रडायलासुद्धा जागा आणि वेळ नाही; मग ती कुठे रडेल? मोटार चालू करून, पंपाच्या आवाजात.

नायिका पुण्यात आयटीत असेल तर सातबाऱ्याच्या जागी फ्लॅटचं कर्ज ठेवा: सहकर्जदार कोण, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, लग्नाआधी घेतलेल्या घरात सासू-सासरे राहायला आले तर कुठली खोली कुणाची. पणजीत, दुबईत, न्यू जर्सीत कुठेही हे कागद असतातच, फक्त त्यांचे रंग बदलतात.

ही माहिती मिळवायची तर त्या कामातल्या बायकांशी बोला. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असं विचारू नका; त्याला ठरलेली उत्तरं येतात. ‘सौद्याला किती वाजता निघता, डबा कोण भरतं, टेम्पोचं भाडं कोण देतं?’ असं विचारा. भाड्याच्या उत्तरातून दिराचा विषय आपोआप निघतो.

पायरी ३: वाचकाच्या दयेपासून तिला सोडवा

सुनंदा विधवा आहे, आणि मराठी कादंबरीची सुरुवातच विधवेच्या प्रश्नापासून झाली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. पुढे १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये यमूला स्वतःची कहाणी स्वतः सांगायला लावली. त्या लेखनाने समाजाला हलवलं, ते मोठं काम होतं. पण त्याचा एक परिणाम असा की कथेत विधवा आली की वाचक डोळ्यांत पाणी तयार ठेवून बसतो. तुम्हाला या सवयीविरुद्ध लिहायचंय.

त्यासाठी एक नियम पाळा: पहिल्या दहा पानांत तिला काहीतरी नीट जमताना दाखवा. सुनंदा मणी चावून गोडीचा अंदाज घेते आणि तो रिफ्रॅक्टोमीटरच्या आकड्याजवळ जातो. पानामागची पांढरी बुरशी बघून डाऊनी रोग कुठल्या ओळीतून सुरू झाला ते सांगते. माणसाला कामात पाहिलं की आधी आदर वाटतो. दुःख त्यानंतर कळलं तर त्याची कीव होत नाही.

प्रथा टाळू नका, पण नेमक्या लिहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तोच कित्ता इतर गावांनी गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. मग सुनंदाच्या गावात असा ठराव झाला का? झाला असेल तर ग्रामसभेत हात कुणी वर केला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच घरातून बोलावणं आलं का? ठराव आणि बोलावणं यांच्या मधल्या जागेत तुमची कथा आहे.

पायरी ४: समोरच्याचं थोडं बरोबर असू द्या

दिराला दारुडा करणं सोपं आहे. करू नका. भाऊ गेल्यावर दोन छाटण्या त्याने स्वतःच्या बागेआधी वहिनीच्या बागेत केल्या. सोसायटीच्या कर्जाला तो जामीन आहे. वहिनीने बेदाण्याचा घाट घातला आणि फसला, तर नोटीस त्यालाही येणार. तो नाही म्हणतो यात अहंकार आहे आणि शहाणपणही आहे. वाचकाला एखाद्या पानावर वाटलं पाहिजे की अरे, याचंच खरं आहे.

सासूचंही तसंच. तिने उमेदीची वर्षं जिरायतीत काढली, पोराने बाग लावली तेव्हा पहिल्यांदा घरात पैसा दिसला. ती बाग धोक्यात घालायला ती सहज तयार होणार नाही. घरातल्या दुसऱ्या बायकांना नायिकेच्या बाजूच्या आणि विरुद्ध बाजूच्या अशा दोन गटांत वाटलंत की कथा मालिकेसारखी व्हायला लागते.

पायरी ५: निर्णयांची साखळी, आणि त्यातला एक चुकीचा

आता कागदावर फक्त तिचे निर्णय लिहा, घटना नकोत. प्रत्येकापुढे त्याची किंमत लिहा आणि ती कोण भरतं तेही.

सुनंदा पाटल्या गहाण ठेवते आणि शेड भाड्याने घेते. किंमत: सासूला सांगितलेलं नाही, मुलीच्या नावाचं सोनं गेलं.

दीर म्हणतो, पाऊस येतोय, आठवडाभर आधी घड उतरवा. बेदाण्याला गोडी पुरेशी भरली पाहिजे म्हणून सुनंदा थांबते. अवकाळी येतो, मणी तडकतात, एका बाजूच्या ओळी हातच्या जातात. दिराचं बरोबर होतं. ही चूक तिच्या ज्ञानातूनच झालेली असावी, भोळेपणातून नको. हुशार माणूस स्वतःच्या हुशारीवर भरवसा ठेवून चुकतो तेव्हा तो खरा वाटतो.

तिसरा निर्णय सगळ्यात अवघड. मुलीचा दहावीचा गणिताचा पेपर उद्या आहे. रात्री पुन्हा ढग भरतात. शेडच्या बाजूंना ताडपत्री ओढायला माणसं मिळत नाहीत. सुनंदा मुलीला पुस्तकावरून उठवते. जे तिच्या आईने तिच्या बाबतीत केलं, जे आपण कधी करायचं नाही असं ती ठरवून होती, तेच ती करते. माल वाचतो. पेपर कसा जातो ते लगेच सांगू नका.

नायिकेला अपराधी वाटायला लावून इथे वाचकाची माफी मिळवायचा मोह होईल. तो आवरा. तिने केलं ते केलं. मुलगी आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलते, एवढं पुरे.

पायरी ६: भाषणाच्या जागी कृती

हा सौद्याचा प्रसंग, बहुतेकांच्या पहिल्या मसुद्यात जसा येतो तसा:

सुनंदा गरजली, “एक बाई म्हणून मला कमी समजू नका! मीही शेतकरी आहे. माझ्या घामाचं दाम तुम्हाला द्यावंच लागेल!” सगळे व्यापारी माना खाली घालून गप्प झाले.

व्यापारी असे गप्प होत नसतात, हे लेखकालाही माहीत असतं. आता तोच प्रसंग, बेदाण्याच्या सौद्यात मालाची जी उधळण होते तिच्याकडे नीट बघून लिहिलेला:

व्यापाऱ्याने बॉक्समध्ये हात घातला, मूठभर बेदाणा उचलला, उजेडाकडे धरला, चार मणी तोंडात टाकले आणि उरलेली मूठ बॉक्सच्या बाहेर सोडून दिली. दुसऱ्याने तेच केलं. फरशीवर पिवळा सडा पडला.

सुनंदाने पिशवीतून जुनी सुती साडी काढली, घडी मोडली आणि बॉक्सखाली अंथरली.

“काय करताय वैनी?” अडत्या म्हणाला.

“काय न्हाई. तुमचं चालू द्या.”

तिसऱ्याने मूठ उचलली. बघून झाल्यावर त्याचा हात साडीवर जरा थांबला आणि परत बॉक्सकडे वळला.

बोली संपल्यावर तिने साडीची चारी टोकं गोळा केली आणि गाठोडं काट्यावर ठेवलं. “ह्येबी धरा.”

दाराशी उभा असलेला दीर टेम्पोकडे निघून गेला.

यात दर वाढलेला नाही, कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. पण वाचकाला कळतं की या बाईने आदल्या रात्री साडी शोधून पिशवीत भरली होती. पुढच्या खेपेला अडत्या तिचा माल मागे ठेवेल ही किंमतही कळते. आणि दिराला लाज वाटली की अभिमान, हे न सांगितल्यामुळे पुढचं प्रकरण वाचावंसं वाटतं.

तुमच्या कथेतलं सगळ्यात जोरदार भाषण शोधा. त्या जागी तिच्या हाताशी असलेली एखादी वस्तू द्या आणि तिने त्या वस्तूचं काय केलं ते लिहा. मग भाषणातलं एखादं वाक्य अजूनही लागतंय का बघा.

पायरी ७: देह

थोडक्यात सांगतो, कारण मुद्दा साधा आहे. आरशासमोर उभं करून तिचं वर्णन करू नका; बाई आरशात पाहते तेव्हा टिकली नीट बसली का, दातात काही अडकलं का, हे पाहते. देह कामातून येऊ द्या: छाटणीने बोटांना पडलेले घट्टे, मांडवाखाली वर हात करून अवघडलेली मान, फवारणीच्या दिवशी पाळी आली की होणारी अडचण. अडतिसाव्या वर्षी तिला शरीराची ओढ वाटते का, हेही ठरवा. वाटत असेल तर लिहा, आणि त्यासाठी तिला शिक्षा देऊ नका.

बलात्कार किंवा मारहाण हे तिच्या खंबीरपणाचं ‘कारण’ म्हणून भूतकाळात ठेवून देण्याची पद्धत फार रुळली आहे. बाई खंबीर असायला आधी मोडावी लागते असं त्यातून निघतं. सुनंदा नवरा असतानाही हट्टी होती.

पायरी ८: कोण सांगतंय, कुठल्या बोलीत

प्रथमपुरुषी निवेदन घेतलंत तर तिची बोली दोनशे पानं पेलावी लागते. सांगलीकडचं ‘न्हाई’, ‘हाय’, ‘कवा’ तुमच्या कानात मुरलेलं नसेल तर निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि बोली संवादात, तीही बेतानेच. दर वाक्याला बोलीचा मसाला टाकला की माणूस मागे पडतो आणि नक्कल पुढे येते. मी स्वतः तृतीयपुरुषी, पण तिच्या नजरेला चिकटून असलेलं निवेदन सुचवेन: तिला जे दिसतं तेच पानावर येतं, आणि तिने बघायचं टाळलेलंही वाचकाच्या लक्षात येतं.

माणसागणिक तिचं बोलणं बदलू द्या. सासूशी ‘आत्या’ म्हणून मोजकं, जावेशी अगं-तुगंचं मोकळं, दिराशी ‘भावजी’ म्हणून आडवळणाने, कामाच्या बायकांशी खड्या आवाजात. गप्प बसणंही दोन तऱ्हेचं लिहा. बोलता येत नाही म्हणून गप्प आणि आत्ता बोलायचं नाही असं ठरवून गप्प, यांत वाचकाला फरक दिसला पाहिजे. तो बहुधा पुढच्या कृतीतून दिसतो.

पायरी ९: मसुदा तपासताना

पहिलं, तिचे निर्णय एकेक करून खोडून बघा. खोडूनही शेवट तोच राहत असेल तर ती नायिका नाही, साक्षीदार आहे. दुसरं, लाल पेनाने पैशाचा प्रत्येक उल्लेख अधोरेखित करा. सलग तीन प्रकरणांत एकही रेघ नसेल तर तुम्ही तिच्या आयुष्यापासून लांब गेला आहात. तिसरं, दोन बायका एकमेकींशी पुरुषाखेरीज कशाबद्दल बोलतात हे पाहायची कसोटी ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५च्या चित्रपट्टीमुळे जगभर माहीत झाली. ती लावून बघा, पण तिच्यावर सगळं सोपवू नका. सुनंदा आणि जाऊ दिराबद्दल बोलत असतील आणि त्या बोलण्यातून जामिनकीचा प्रश्न सुटत असेल, तर तो प्रसंग भक्कमच आहे.

मग मसुदा वाचायला द्या, एखाद्या लिहिणाऱ्या मित्राला आणि बागेत काम करणाऱ्या बाईलाही. तिला वाचायला वेळ नसेल तर सौद्याचा प्रसंग वाचून दाखवा. ‘आवडलं का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘यात खोटं काय आहे?’ असं विचारा. ती म्हणेल, साडी कशाला अंथरेल, पोतं अंथरेल. तेव्हा लगेच मान डोलावून बदलू नका. सुनंदाने साडीच का आणली असेल याचं उत्तर तुमच्याकडे आहे का ते तपासा. असेल तर ते आधीच्या प्रकरणात कुठेतरी दिसू द्या. नसेल तर पोतं लिहा.